सरकारी कोंबड्याचा नवस

वरवट बकालच्या कोंडवाड्याचे मुन्शी उकंडराव यांच्या ताब्यात सरकारने कोंबडा दिला, तो काही त्यांनी मागितला म्हणून नव्हे. उकंडरावांनी उभ्या आयुष्यात सरकारकडे एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे आपल्या हुद्द्यामागचा 'हंगामी' हा शब्द काढून टाकावा. हंगाम म्हटला की तो कधीतरी सरतो. कपाशीचा सरतो, आंब्याचा सरतो, लग्नाचासुद्धा सरतो. उकंडरावांचा काही सरत नव्हता. मोकाट गुरं कोंडायची, मालक बोंबलत आला की त्याला पावती फाडून द्यायची, हे काम ते इतकी वर्षं करत होते की गावातल्या बैलांची एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखालून गेली होती. पण कागदावर मुन्शी हंगामीच.

त्या सुमारास वऱ्हाड-मध्यप्रांताच्या सरकारला खेडी सुधारण्याची लहर आली होती. विहिरीत लाल औषध टाकून झालं, शेणखताच्या खड्ड्यांवर भाषणं झाली, आणि सुधारता सुधारता सरकारची नजर कोंबड्यांवर गेली. गावठी कोंबडी अंडं देते ते लिंबाएवढं, आणि तेही तिची मर्जी असेल तेव्हा. तर गावोगाव एकेक विलायती पांढरा कोंबडा ठेवावा, म्हणजे पुढची पैदास आपोआप सुधारेल, असं नागपुरात पंख्याखाली बसून कोणीतरी ठरवलं. वरवट बकालच्या वाट्याचा कोंबडा ठेवायचा कुठे, हा प्रश्न लोकल बोर्डापुढे आला. एक सभासद म्हणाले, कोंडवाड्याचा मुन्शी चार पायांची जनावरं सांभाळतोच, त्याला दोन पायांचं काय जड आहे? जेवणाची वेळ झाली होती, त्यामुळे ठराव एकमताने पास झाला.

बोर्डाच्या सेक्रेटरींनी उकंडरावांना बोलावून सगळं नीट समजावून सांगितलं. कोंबडा सरकारचा. मुन्शीने तो पोसायचा, त्याच्याभोवती कोंबड्या जमवायच्या, पिलं वाढवायची. आषाढात पशुखात्याचे साहेब तपासणीला येतील. कोंबडा ठणठणीत दिसला आणि साहेबांचा शेरा चांगला पडला, तर हंगामी गेलं आणि कायम आलं असं समजायला हरकत नाही. कोंबडा मेला तर काय, असं उकंडरावांनी विचारलं. सेक्रेटरींनी फक्त चष्म्याच्या वरून पाहिलं.

खामगावहून मोटारीच्या टपावर, टोपल्यात बसून कोंबडा आला. पांढराशुभ्र, लाल तुरा एका अंगाला कललेला, आणि चालणं असं की समोरच्याने बाजूला व्हावं. मोटारीवरून उतरल्यावर त्याने सगळ्या गावाकडे एकदा नाराजीने पाहिलं. गावाने तिथल्या तिथे त्याचं नाव 'लाटसाहेब' ठेवून टाकलं.

आता नुसत्या कोंबड्याला कळप म्हणत नाहीत. कोंबड्या हव्यात. मुन्शीच्या घराला लागून गफ्फार पिंजाऱ्याचं घर. गफ्फार गाद्या-रजया भरायचा आणि उरलेल्या वेळात सगळ्या गल्लीला सल्ले द्यायचा. त्याच्या अंगणात गावठी कोंबड्या होत्या. त्याने त्यातल्या काही मुन्शीला बटईने दिल्या, म्हणजे कोंबड्या गफ्फारच्या, कोंबडा मुन्शीचा आणि पिलं दोघांची निम्मी निम्मी. ही बटई ठरताना लाटसाहेब सरकारचा आहे ही गोष्ट दोघांच्याही लक्षात होती, पण पिलांमध्ये सरकारचा वाटा किती, हे कुठल्याच कागदात नव्हतं म्हणून तो विषय कोणी काढला नाही.

खुराडं मात्र सरकारी नकाशाप्रमाणेच बांधायचं होतं. नकाशा कुठल्या थंड मुलखातला होता देव जाणे, पण त्यात खुराड्याचं तोंड पूर्वेला होतं आणि वर टिनाचं छप्पर होतं. टिन सरकारने पाठवलं होतं. वैशाखात वऱ्हाडातलं टिन काय होतं हे ज्याने अनुभवलं आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. शालूबाईंनी, म्हणजे मुन्शीच्या बायकोने, एका दुपारी त्यावर पापड वाळत घातले. संध्याकाळी काढायला गेल्या तर ते भाजलेले निघाले. उकंडरावांनी टिनाऐवजी कपाशीच्या पऱ्हाट्यांचं छप्पर घालण्याची परवानगी मागितली. उत्तर आलं की टिन हे सरकारी सामान असून मंजुरीशिवाय काढता येणार नाही, मंजुरी येईपर्यंत कोंबड्यास टिनाच्या सावलीत ठेवावे.

मग त्यांनी टिन न काढता टिनावरच हिरव्या पाल्याचा थर दिला. तो कोंडवाड्यातल्या एका बकरीने रात्रीत खाल्ला. आता दुसऱ्या कोणाचं जनावर असतं तर उकंडरावांनी त्याला कोंडवाड्यात घातलं असतं. पण ही बकरी कोंडवाड्यातूनच सुटून आली होती, आणि कोंडवाड्यातल्या बकरीला पुन्हा कोंडवाड्यात घालून दंड कोणावर बसवायचा, याचा नियम त्यांना सापडेना.

ज्येष्ठ लागला तशी हवा बिघडली. आभाळ भरून यायचं, एखादी सर टाकून निघून जायचं, आणि मग जमिनीतून वाफ निघायची. माणसं अंगणात बाजा टाकून नुसती घाम पुसत पडायची. गावठी कोंबड्यांनी यावर आपापला उपाय शोधला. त्या रांजणाखालच्या ओल्या मातीत खड्डे करून बसल्या. लाटसाहेबाला मातीत बसणं मंजूर नव्हतं. तो चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सुटे करून उभा राहायचा आणि धापा टाकायचा. त्याने खाणं सोडलं. ज्वारी टाकली तरी बघेना, भाकरी कुस्करली तरी बघेना. तुऱ्याचा लाल रंग फिका पडत चालला.

सल्ले मात्र भरपूर आले. गफ्फारने पाण्यात कांदा किसून टाकायला सांगितला. तो टाकला, तर लाटसाहेबाने पाणीही सोडलं. कोणी म्हणालं ताक पाजा. कोणी म्हणालं दृष्ट काढा. मरीमायचा भगत इंद्रभान म्हणाला की पांढऱ्या जनावराला या गावचं पाणी सोसत नाही, आणि पुरावा म्हणून त्याने पूर्वी मेलेल्या एका पांढऱ्या घोडीची गोष्ट सांगितली. ती घोडी विहिरीत पडून मेली होती हे उकंडरावांना ठाऊक होतं, तरी त्यांनी ती गोष्ट पुन्हा एकदा ऐकून घेतली. शेवटी त्यांनी लाटसाहेबाला उचलून घरात आणलं, माजघरात गारव्याला ठेवलं आणि हातात सुपली घेऊन त्याला वारा घालायला बसले. दार उघडं होतं. पाण्याला निघालेल्या बाया दारात थबकल्या, त्यांनी डोक्याला पदर ओढला, आणि थोडं पुढे जाऊन हसल्या. संध्याकाळपर्यंत मुन्शी कोंबड्याले वारा घालून राह्यले, ही बातमी बाजारात पोचली. त्यानंतर बाजारात ज्याला भेटावं तो हवापाण्याची चौकशी करू लागला. उकंडरावांना हे फार लागलं. कोंडवाड्याचा का होईना, ते मुन्शी होते.

पण लाटसाहेब जगला. आषाढाच्या तोंडाशी त्याने पुन्हा दाणा टिपायला सुरुवात केली, गफ्फारच्या एका कोंबडीखालून पांढुरकी पिलं निघाली, आणि आता तपासणी तेवढी पार पडली की गंगेत घोडं न्हालं, अशा विचारात उकंडराव होते. तेवढ्यात शेवंतीला ताप भरला.

शेवंती त्यांची एकुलती एक लेक. दिवसभर अंगणात कोंबड्यांमागे नाचणारी पोर एका दुपारी येऊन आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली, ती उठेना. अंग असं तापलं की हात ठेववेना. तालुक्याच्या जळगावच्या डॉक्टरने बाटली दिली, गफ्फारची बायको नूरजहांबी दर्ग्याचा धागा घेऊन आली, शालूबाई ओल्या फडक्याच्या घड्या कपाळावर ठेवत राहिल्या. पोर डोळे उघडेना. उकंडराव घाबरले. इतके घाबरले की कोंडवाड्यात गुरं किती आली, किती सुटली, याचं त्यांना भान राहिलं नाही, आणि लाटसाहेबाला तर ते विसरूनच गेले. देवावर त्यांचा विश्वास बेताचाच होता, पण त्या दिवसांत ते घरातल्या देव्हाऱ्यापुढून जाताना पावलं हळू टाकायचे.

मग ताप उतरला. पोरीने भाकरी मागितली. घरात सगळे एकाच वेळी रडले. उकंडराव गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

त्याच संध्याकाळी मनकर्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईने, तंबाखू मळता मळता सहज सांगितलं की ताप चढता होता तेव्हा आपण मरीमायच्या ठाण्यावर जाऊन आलो. पोर उठली तर याच आषाढात तुला पांढरा कोंबडा देईन, असं बोललो. माय पावली. आता शेवटच्या मंगळवारी फेडायचं.

उकंडराव म्हणाले, खामगावच्या बाजारात पांढरा कोंबडा मिळेल, आणवतो. मनकर्णाबाई म्हणाल्या, बाजारातला कशाला? घरचा हाय न. म्या नाव घेऊनच बोलली.

"कोनाचं नाव?"

"लाटसायबाचं. देवीपुढं मोघम बोलू नाई."

उकंडरावांनी आईला सगळं समजावलं. कोंबडा आपला नाही, सरकारचा आहे. तपासणी व्हायची आहे. कोंबडा कापला तर कायम होणं तर राहिलंच, हंगामी आहे तेही जाईल, वरून सरकारी मालाची अफरातफर म्हणून खटला होईल. मनकर्णाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जे दुसऱ्याचं आहे ते देवाला बोलू नये, हे त्यांनाही मान्य होतं. पण त्या वेळी घरात त्यांना त्याच्याहून चांगलं काही दिसलं नव्हतं, आणि पोरीच्या जिवापुढे हलकं काही ठेवायला त्यांचं मन झालं नव्हतं.

"माय, मले तुरुंगात धाडतीन."

"तुरुंगातून मानूस वापस येते, बाबू," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि झोपलेल्या शेवंतीच्या अंगावर त्यांनी लुगड्याचा पदर सारखा केला.

नवस-बिवस सगळं खोटं आहे हे उकंडरावांना पक्कं माहीत होतं. फक्त शेवंती समोर झोपलेली असली की ते तितकंसं पक्कं वाटत नव्हतं. त्यांनी इंद्रभान भगताला गाठून विचारलं, दुसरा कोंबडा चालेल का? भगत म्हणाला, ज्याचं नाव घेतलं तोच द्यायचा. न फेडलं तर? भगत म्हणाला, माय दिलेलं वापस नेते.

दुसऱ्या दिवशी बोर्डाचा चपराशी हुकूम घेऊन आला. साहेब आषाढाच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी तपासणीला येत आहेत, कोंबडा हजर ठेवावा.

एवढं झाल्यावर मुन्शी गफ्फारकडे गेले नसते तरच नवल. गफ्फारचा यात स्वार्थही होता, कारण पुढच्या सगळ्या पिलांची बटई लाटसाहेबाच्या मानेवर अवलंबून होती. त्याने रुई पिंजायची धनुकली बाजूला ठेवली आणि विचारलं, मरीमायपुढे जनावर कसं देतात? उकंडरावांनी सांगितलं. हळद लावलेले तांदूळ नवसकऱ्याच्या घरच्या कर्त्या माणसाने जनावरापुढे टाकायचे. जनावराने चोच लावली तर मायने घेतलं, मग भगत सुरी चालवतो. नाहीच लावली तर मायची मर्जी नाही असं समजायचं, जनावर घरी न्यायचं, आणि नवस फिटला असं धरायचं. असं फारसं कधी होत नाही, कारण जनावर बायाबापड्यांनी सकाळपासून उपाशीच ठेवलेलं असतं.

"मंग सोपं हाय न, मुन्शीजी," गफ्फार म्हणाला. "सकाळी सायबापुढं उपाशी उभा करा. खाईन मस्त. सायेब गेला का त्याले गळ्यापर्यंत चारा. दुपारी मायपुढं कोन चोच लावते मंग?"

बेत इतका सरळ होता की उकंडरावांना त्यात खोट काढता येईना. आईचा शब्द राहणार, देवीचा मान राहणार, सरकारचा कोंबडा राहणार. फक्त एक गोष्ट त्यांना खुपत होती. ती म्हणजे आपण मरीमायला फसवतो आहोत का, ही. गफ्फार म्हणाला, फसवायचं कसलं, पोट कोंबड्याचं, मर्जी त्याची. उकंडराव घरी आले आणि मंगळवारपर्यंत आईच्या नजरेला नजर द्यायचं टाळत राहिले.

मंगळवारी सकाळी लाटसाहेब उपाशी, अंग पुसून, तुरा तेलाने चमकवून अंगणात हजर. उकंडराव कोट घालून हजर. साहेब नाहीत. ऊन चढलं, कोटाच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला, तरी साहेब नाहीत. कोणी सांगितलं की नाल्याला पाणी आहे आणि मोटार पलीकडे उभी आहे. कोणी सांगितलं की साहेब जळगावलाच मुक्कामाला थांबले, आज येतच नाहीत. इकडे मनकर्णाबाईंनी न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं. लाल तुऱ्यावर कुंकू उठून दिसेना, म्हणून त्यांनी ते लाटसाहेबाच्या पांढऱ्या पंखांना लावलं. वाजंत्रीवाला दारात येऊन उभा राहिला.

गफ्फारने कुंपणावरून खूण केली. आता वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. कोंबडा असाच उपाशी देवीपुढे गेला, तर ताटासकट तांदूळ खाईल. उकंडरावांनी लाटसाहेबाला आडोशाला नेलं आणि पुढ्यात भिजवलेली ज्वारी, शेंगदाणे, भाताची शितं असं सगळं मांडलं. ज्या कोंबड्याने ज्येष्ठात एक दाणा गिळावा म्हणून त्यांनी सुपलीने वारा घातला होता, तो आज कोणी न सांगता खात होता. गळ्याखालची पोटळी टम्म फुगेपर्यंत तो खात राहिला. उकंडरावांना एकीकडे बरं वाटलं आणि एकीकडे त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली.

मरीमायचं ठाणं गावाबाहेर, जळगावच्या रस्त्याला लागून. एक निंबाचं झाड, खाली शेंदराचे दगड. शेवटचा मंगळवार म्हणून गर्दी होती. बाया पाय बांधलेल्या कोंबड्या घेऊन रांगेला बसल्या होत्या. मनकर्णाबाईंच्या कडेवर शेवंती होती. तापाने हातापायांच्या काड्या झालेल्या, पण डोळे टकटकीत. इंद्रभानने लाटसाहेबाला दगडापुढे उभा केला, पायाला दोरी बांधली, तांदळाचं ताट पुढे आणलं, आणि उकंडरावांनी मूठ भरायला हात पुढे केला तेवढ्यात रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला.

साहेब नाला उतरून आले होते. तरणे, किडकिडीत, खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर हॅट. शेजारी सेक्रेटरी. सेक्रेटरींनी निंबाखालचा तो सगळा प्रकार पाहिला, मधोमध कुंकू लावलेला सरकारी कोंबडा पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण नोकरीत मुरलेला माणूस. ते साहेबांना म्हणाले, आपण येणार म्हणून सारा गाव कोंबडा घेऊन सामोरा आला आहे. वाजंत्रीसुद्धा आहे.

साहेबांना गहिवरून आलं. आजवर ते ज्या ज्या गावात कोंबडा तपासायला गेले होते, तिथे कोतवालाशिवाय कुत्रंही सामोरं आलं नव्हतं. ते लगबगीने पुढे आले. लाटसाहेबाचा पंख उचलून पाहिला, पायांवरून बोट फिरवलं, तुरा पाहिला. उत्तम आहे, म्हणाले. असा कोंबडा मी साऱ्या जिल्ह्यात पाहिला नाही, म्हणाले. उकंडरावांचे कान ते ऐकत होते आणि डोळे भगताच्या सुरीवर होते.

"खाण्याला कसा आहे?" साहेबांनी विचारलं.

"खातो साहेब. भरपूर खातो."

"बघू तरी. उन्हात खातो तो खरा निरोगी पक्षी. खाल्लं नाही तर मला शेरा तसा लिहावा लागेल." आणि इंद्रभानने ताट मागे घ्यायच्या आत साहेबांनी त्यातले मूठभर हळदीचे तांदूळ घेऊन लाटसाहेबापुढे टाकले.

वाजंत्री थांबली. रांगेतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. साहेबांनी वाकून गुडघ्यांवर हात ठेवले. लाटसाहेबाने मान वाकडी करून एका डोळ्याने तांदळाकडे पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि आभाळाकडे पाहत उभा राहिला.

न खाल्लं तर शेरा गेला. खाल्लं तर कोंबडा गेला, आणि कोंबडा गेला की नोकरी गेली. हे दोन्ही हिशेब उकंडरावांनी झटक्यात केले. गर्दीत गफ्फार डोळ्यांनी त्यांना धीर देत होता, काही खात नाही तो, बिनघोर राहा. मनकर्णाबाई हात जोडून ओठ हलवत होत्या. कोंबडा खाईना, तसतसा त्यांचा चेहरा उतरत चालला, आणि त्यांनी शेवंतीला अंगाशी घट्ट धरलं. उकंडरावांनी ते पाहिलं. नवस फिटला असं धरायचं, अशी ठाण्याची रीत होती. पण नुसतं धरून कोणाचा जीव थाऱ्यावर राहतो? उद्या पोरीचं कपाळ जरा गरम लागलं तर आपण काय म्हणणार, कोंबड्याला आपणच चारलं होतं म्हणून? तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण मघापासून तोंडातल्या तोंडात 'खा बाबा, खा' असं म्हणतो आहोत. आणि ते साहेबांच्या शेऱ्यासाठी नव्हतं.

लाटसाहेब हलला. घशातून कुट कुट असा आवाज काढत तो खाली वाकला, एक तांदूळ चोचीत उचलला, खाली टाकला. पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. त्याचं पोट तुडुंब होतं. तो रांगेतल्या कोंबड्यांना जेवायला बोलावत होता. पाय बांधलेल्या कोंबड्या फडफडायला लागल्या.

"पाहिलंत?" साहेब खूश होऊन सेक्रेटरींना म्हणाले. "हे अस्सल नराचं लक्षण."

"चोच लावली," इंद्रभान म्हणाला. "मायनं घेतला."

"कोणी घेतला?"

सेक्रेटरी खोकू लागले. उकंडरावांनी कोटाची बटणं चाचपली. साहेबांशी बोलायचं म्हणून त्यांनी आठवडाभर छापील भाषेत वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"सायेब, हा कोंबडा आता देवीचा हाय. माही पोरगी तापानं जाऊन राह्यली होती, तवा माह्या मायनं नवस बोलला. सरकारचा हाय हे मले माईत हाय. काय लिवायचं ते माह्या नावावर लिवा. पन तो आता वापस नाई भेटत."

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की उकंडरावांना आपण पहिल्या इयत्तेत पास झालो तो दिवस आठवला.

साहेबांनी आधी हसून घेतलं. मग ते संतापले. सरकारी मालमत्तेला कोणी हात लावला तर एकेकाला आत टाकीन, म्हणाले. इंद्रभानने सगळं ऐकून घेतलं आणि अदबीने सांगितलं की मुन्शीचा यात आता काहीच संबंध उरला नाही. दाणा ज्याच्या हातचा, नवस त्याच्या अंगावर. दाणा साहेबांच्या हातचा पडला. देणारे आता साहेब.

साहेबांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. तो हळदीने पिवळा झाला होता.

"आणि नाही दिला तर काय होईल?" त्यांनी विचारलं. आवाज चढवायचा होता, पण तो चढला नाही.

मनकर्णाबाई शेवंतीला घेऊन पुढे आल्या. "काई नाई होत, सायेब," त्या मायेने म्हणाल्या. "तुमाले लेकरं हायत का?"

साहेबांनी हॅट काढली. ते हॅटच्या आत पाहत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कापायलाच लागतो का?"

भगताने मनकर्णाबाईंकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी दगडांकडे पाहिलं. देवीच्या नावाने जिवंत सोडला तरी चालतो, असं भगताने शेवटी कबूल केलं. देवीच्या पदरात पडला म्हणजे झालं. मात्र मग तो कोणाचाच नाही, मुन्शीचा नाही आणि सरकारचाही नाही. गावात कुठेही फिरेल, कोणाच्याही दारात खाईल, त्याला कोणी हुसकायचं नाही. साहेब घाईघाईने म्हणाले की गावभर फिरावा, सगळ्या गावाची पैदास सुधारावी, हाच तर योजनेचा मूळ हेतू आहे. हे वाक्य शेऱ्यात येण्यासारखं होतं, त्यामुळे सेक्रेटरींच्या जिवात जीव आला. साहेबांनी स्वतःच्या हाताने दोरी सोडली. लाटसाहेब अंग झाडून रांगेतल्या कोंबड्यांकडे निघून गेला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली, आणि गफ्फारने गर्दीत मोठ्याने विचारलं की देवीच्या कोंबड्याच्या पिलांवर बटई कोणाची.

मुन्शीच्या कायम होण्याबद्दल आपण लिहून पाठवू, फक्त त्यात निंबाखालचा मजकूर येणार नाही, एवढं साहेबांनी सेक्रेटरींना सांगितलं. उकंडरावांना ते ऐकू आलं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी शेवंतीला आपल्या कडेवर घेतलं होतं. तिचं अंग गार लागत होतं.

साहेब मोटारीत बसले. मोटार सुरू झाली, दहा पावलं गेली आणि थांबली. साहेबांनी हाताने खूण करून उकंडरावांना एकट्याला जवळ बोलावलं. सेक्रेटरी ऐकत नाहीत असं पाहून ते खिडकीतून वाकले आणि विचारलं, बाहेरगावच्या माणसाचा नवस या देवीला चालतो का? घरी नागपूरला पोरगा होळीपासून अंथरुणावर आहे.

उकंडरावांनी एकदा शेवंतीकडे पाहिलं.

"चालते ना, सायेब," ते म्हणाले. "बोला बिनधास्त. पन कोंबडा सोताच्या घरचा बोला."